अकरा-दहाची ओहोटी

बाई सांतियागोहून आल्या.
काखेत फाइल, पायांत चामड्याचे बूट,
आमच्या उतारावरच्या शेवाळावरून घसरत, सावरत.
चौदा महिने वाट पाहिली होती मी त्यांची.
काय काय सांगायचं ते घोकून ठेवलं होतं:
की ओदिलिया रात्री तीनदा उठते,
की साबण खाल्ला तिनं एकदा, चीज समजून,
की मला कधी एवारिस्तो म्हणते, कधी पोस्टमन,
की माझ्या खुब्यात स्क्रू आहेत
आणि टबातून तिला एकट्यानं उचलणं
आता माझ्याच्यानं होत नाही.

आणि नेमकी त्याच दिवशी
ती उठली ती ठणठणीत.
केस विंचरले. निळा ब्लाऊज,
सगळी बटणं आपापल्या काजात.
कॉफी केली. गॅस बंदसुद्धा केला.
"बसा ना," बाईंना म्हणाली, "बूट भिजले की हो तुमचे."
मी दारातच उभा.
वाटलं, घरी कुणी परगावाहून आलंय,
पत्र न पाठवता.

बाईंनी विचारलं, आज वार कोणता?
ओदिलियानं खिडकीकडं पाहिलं,
हवा ओढून घेतली नाकानं.
"वाराचं काय घेऊन बसलात?
ओहोटी अकरा-दहाला. उधाणाची आहे,
काळ्या खडकाच्या पलीकडपर्यंत उघडं पडेल आज."
बाईंनी फोनमध्ये पाहिलं.
अकरा-दहा.
त्या हसल्या. मीही हसलो.
तिथंच चुकलं.

मग त्या माझ्याकडं वळल्या.
अंघोळ स्वतः करतात?
आणि ती बघत होती माझ्याकडं.
चाळीस वर्षं गुडघाभर पाण्यात वाकून
तिसऱ्या काढणारी बाई,
जिच्या दंताळ्याला हात लावायची कुणाची टाप नव्हती.
तिच्या तोंडावर कसं सांगू मी साबणाचं?
"करते."
जेवण?
"जेवते."
रात्री झोप?
"तशी बरी."
दर होकाराला एकेक तास गळतोय
हे कळत होतं मला,
तरी बादलीचं भोक बुजवायला
हात उठेना.

पत्र आलं ते बटाटे काढायच्या दिवसांत.
श्रेणी पहिली. आठवड्याला दोन तास.
निर्णय मान्य नसल्यास पुन्हा अर्ज, पुन्हा रांग.
मुलगा बासेलहून फोनवर ओरडला,
"बाबा, खरं का नाही सांगितलंत?"
त्याला काय सांगू?
खरंच होतं ते, तेवढ्या तासापुरतं.

आता फ्रिजवर भरती-ओहोटीचा तक्ता लावलाय,
गोळ्यांच्या तक्त्याशेजारी.
उधाणाच्या दिवसांत, रात्री पाणी उतरलं की
ती उठणार, बादली शोधणार.
म्हणून मी आधीच उठतो,
तिचे रबरी बूट चुलीपाशी ऊबेला ठेवतो,
टॉर्चचे सेल बघतो.
भांगाला जरा झोप मिळते.
कुलूप लावा, म्हणतात सगळे.
लावलं होतं, एक रात्र.
तिनं दार खरवडलं नखांनी,
वाळू खरवडतात तसं, न थांबता, कामासारखं.

मंगळवारी येसेनिया येते, कोलंबियाची पोर.
दोन बस बदलून. बसमधला वेळ
तिच्या पगारात कुणी धरत नाही.
ओदिलियाला न्हाऊ घालते,
पायांच्या भेगांना मलम लावते,
आणि घड्याळाकडं पाठ करून बसते,
मला दिसू नये म्हणून, की तिला निघायचंय.
त्या दोन तासांत मी झोपावं असं ठरलंय.
मी खुराड्याशी जातो आणि पाठांतर करतो:
साबण खाल्ला. तीनदा उठते. मला ओळखत नाही.
कोंबड्या ऐकून घेतात.
लिहून घेत नाहीत.

पुन्हा तपासणीचं बोलावणं येईल कधीतरी.
तेव्हा मी आधी तक्ता बघीन
आणि भर भरतीची वेळ मागून घेईन.
पाणी वर आलं की तिला काम नसतं,
नुसती बसते, रिकाम्या बादलीत हात घालून,
आणि मला म्हणते, पोस्टमन,
आमच्या नावाचं काही आहे का?